किल्लारीचा भूकंप आणि देवाचा न्याय
लेखमाला : अकरावी-बारावीतले तत्त्वज्ञान (भाग ६)

मागच्या भागात आपण प्रमाणांचा विचार केला. आज धर्माच्या तत्त्वज्ञानातला फार जुना आणि फार अवघड प्रश्न घेऊ. देव दयाळू आहे आणि सर्वशक्तिमानही आहे, तर निरपराध माणसांवर एवढे दुःख का कोसळते? इंग्लंडमध्ये सोळा ते अठरा वर्षांची जी मुले ए-लेव्हल परीक्षेला धर्म, तत्त्वज्ञान आणि नीती हा विषय घेतात, त्यांना या प्रश्नावर निबंध लिहावे लागतात. लातूर-नांदेडच्या मुलांना त्यासाठी लांबचे उदाहरण शोधायची गरज नाही.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हादरली आणि किल्लारी, सास्तूर व आसपासची गावे ढिगारा झाली. सरकारी आकडा जवळपास आठ हजार मृत्यूंचा आहे, काही अंदाज दहा हजारांपर्यंत जातात. त्यात तान्ही लेकरे होती आणि काही तासांपूर्वी गणपतीला निरोप देऊन आलेली भाविक माणसेही होती. त्यांचा काय अपराध होता?

युरोपला हाच प्रश्न १ नोव्हेंबर १७५५ रोजी पडला. ख्रिस्ती संतांच्या सणाचा तो दिवस. लिस्बनमधली माणसे सकाळी चर्चमध्ये प्रार्थनेला जमली असताना भूकंप झाला. जे घडते ते एकंदरीत भल्यासाठीच, या तेव्हाच्या प्रतिष्ठित मतावर व्हॉल्तेअरने कविता लिहून घणाघाती हल्ला केला. रूसोने १७५६ साली त्याला लांबलचक पत्र लिहून उत्तर दिले. सहा-सात मजली घरे एकमेकांना चिकटून निसर्गाने बांधली नव्हती, असा त्याचा मुद्दा होता. माणसे विखरून आणि हलक्या घरांत राहिली असती, तर नुकसान कितीतरी कमी झाले असते.

हा मुद्दा किल्लारीला लावून पाहा. आपल्याकडची माळवदाची घरे म्हणजे दगड-मातीच्या दोन-तीन फुटी भिंती आणि वर लाकडावर पसरलेला मातीचा जाड थर. उन्हाळ्यात त्यांचा गारवा सुखाचा, पण त्या रात्री तेच ओझे झोपलेल्या माणसांवर आले. हा भाग तेव्हा भूकंपाच्या नकाशात सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात धरलेला होता. आदल्या वर्षी लहान धक्के मात्र बसले होते. मग यातले नैसर्गिक किती आणि माणसाच्या हातातले किती? दुःखाची ही वाटणी करायला शिकणे हा नीतिशास्त्राचा पहिला धडा आहे.

आपल्या परंपरेचे नेहमीचे उत्तर कर्माचे. ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात शंकराचार्यांनी हा आक्षेप नेमका मांडून घेतला आहे: जगात एवढी विषमता असेल तर ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो. त्यांचे उत्तर असे, की ईश्वर ज्याच्या त्याच्या कर्मानुसार फळ देतो. युक्तिवाद म्हणून तो रेखीव आहे. पण अख्ख्या गावाचे पूर्वकर्म एकाच पहाटे कसे फळाला आले, असे एखाद्या मुलीने विचारले, तर शिक्षकाने तिला गप्प बसवू नये. पाली साहित्यात सीवक नावाच्या परिव्राजकाला उत्तर देताना बुद्धांनी वेदनेची आठ कारणे सांगितली आहेत. पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशा कारणांच्या त्या यादीत कर्म हे केवळ एक आहे. प्रत्येक वेदना पूर्वकर्माची, हे मत त्यांनी नाकारले.

जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर तर आपल्याच दोन थोर माणसांत वाद झाला. अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे, असे गांधीजी म्हणाले. अस्पृश्यता नष्ट व्हावी असे रवींद्रनाथांनाही वाटत होते, तरीही त्यांनी जाहीर विरोध केला. निसर्गातल्या घटनेला नैतिक कारण चिकटवणे त्यांना घातक वाटले. मला रवींद्रनाथांचे म्हणणे पटते. शिक्षा म्हटले, की मेलेल्या लेकरावरही दोष येतो. पण वर्गात दोन्ही बाजू पूर्ण ताकदीने मांडल्या गेल्या पाहिजेत.

असा वर्ग सगळ्यांचा एकत्र हवा. निजामाच्या राज्यात, उस्मानिया विद्यापीठात मुसलमान विद्यार्थ्यांना दीनियात (धर्मशिक्षण) आणि इतरांना अखलाकियात (नीतिशिक्षण) सक्तीचे होते. एकमेकांचा धर्म समोरासमोर बसून तपासण्याची वाट त्यात नव्हती. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेतले अठ्ठाविसावे कलम पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत धर्मोपदेशाला मनाई करते. धर्मांचा अभ्यास त्या मनाईत येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अरुणा रॉय खटल्यात स्पष्ट केले. तो अभ्यास कसा करावा, याचा नमुना नांदेडला होऊन गेला आहे. पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर मनुस्मृतीचे कठोर टीकाकार होते, आणि ती टीका त्यांनी ग्रंथ बारकाईने वाचून केली.

राज्य मंडळाच्या कला शाखेत तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र हे दोन्ही विषय आहेत. बालभारतीने तत्त्वज्ञानाचे अकरावीचे नवे पुस्तक २०१९ साली आणि बारावीचे २०२० साली काढले. पण नीट-जेईईच्या शिकवण्यांनी भरलेल्या लातूर आणि नांदेड या आपल्या दोन्ही शहरांत तत्त्वज्ञानाचे नावही क्वचित निघते. जी मुले उद्या डॉक्टर होऊन मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या माणसाशी बोलणार आहेत, त्यांना तर दुःखाचा हा प्रश्न आधीच भेटलेला असावा. पालकांनो, या वर्षी अकरावीचा अर्ज भरताना विषयांच्या यादीत तत्त्वज्ञान आहे का ते पाहा. नसेल तर प्राचार्यांना भेटा आणि मागणी लेखी द्या.