काय दिवे लावलेस!

मंडळी, आपल्या अंकाच्या या पानावर मधुमेह, रक्तदाब आणि पेन्शन यांविषयी जाणकारांनी वेळोवेळी लिहिले आहे. मी जाणकार नाही; पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. पण एका दुखण्याचा अनुभव गाठीशी आहे, आणि ते आपल्यापैकी बऱ्याच घरांत असूनही बोलले जात नाही, असा माझा दाट संशय आहे. ते दुखणे म्हणजे लाज.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात माझी नोकरी गेली. आमचा विभागच बंद झाला, ४० जण घरी बसले. बायकोला त्याच संध्याकाळी सांगितले. आई-बाबा मात्र नेमके त्याच महिन्यात मिरजेहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. त्यांना सांगायचा धीर होईना. रोज सकाळी साडेआठला इस्त्रीचा शर्ट घालून, आईने भरलेला डबा घेऊन मी ‘ऑफिसला’ निघायचो आणि गावातल्या वाचनालयाचे दार उघडायची वाट पाहत बसायचो. असे अकरा आठवडे चालले.

झोप उडाली, मुलीवर ओरडणे वाढले, तेव्हा बायकोच्या आग्रहाने मी एका मानसोपचार करणाऱ्या बाईंकडे जाऊ लागलो. त्यांनी मनातले विचार कागदावर लिहून तपासायला लावले. हे काम मला सोपे गेले. ‘४० जणांत मी एक, यात माझा दोष नाही.’ तर्कात कुठे चूक नव्हती, आणि मनाला मात्र तसूभरही फरक पडत नव्हता. चौथ्या भेटीत त्यांनी विचारले, “हे वाक्य तुम्ही मनात म्हणता, ते कोणत्या सुरात? तुमच्या भाषेत म्हणून दाखवा.” मी म्हणालो, “बरं, नाही तुझा दोष. मग काय दिवे लावलेस ते तरी सांग!” बाईंना मराठीचे अक्षर कळत नव्हते. पण सूर कळला.

डर्बीचे मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांना आपल्या रुग्णांत हेच आढळले होते. रुग्ण योग्य विचार करायला शिकत, पण स्वतःशी बोलताना आवाज तिरस्काराचाच राही. त्यातून त्यांनी करुणेवर आधारलेली उपचारपद्धती उभी केली. २००६ साली त्यांनी आणि स्यू प्रॉक्टर यांनी, लाज आणि आत्मनिंदा यांनी जुन्या काळापासून ग्रासलेल्या रुग्णांच्या एका लहान गटावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन-दोन तासांच्या १२ बैठका झाल्या, सहा जणांनी त्या पूर्ण केल्या. त्यांची चिंता, नैराश्य आणि स्वतःवर तुटून पडणे कमी झाले. सहा म्हणजे फारच थोडे, हे खरे. पुढे या पद्धतीवर बरेच मोठे अभ्यास झाले.

गिल्बर्ट यांची मांडणी अशी: आपल्या भावनांची तीन यंत्रे असतात. एक धोका हुडकणारे, दुसरे काहीतरी मिळवण्यामागे धावायला लावणारे, तिसरे शांत करणारे. तान्हे मूल आईच्या खांद्यावर निवते ते या तिसऱ्यामुळे. स्वतःला शिव्या घातल्या की शरीराला तो धोकाच वाटतो, मग त्या देणारे आपण स्वतः का असेनात. आमच्यासारखी मार्कांवर वाढलेली मंडळी पहिल्या दोन यंत्रांवरच आयुष्य काढतात. दुसरे बंद पडले की पहिले मोकाट सुटते.

उपाय ऐकायला बाळबोध वाटतात. ताठ बसून श्वास संथ, एकसारखा करायचा, चेहरा सैल सोडायचा. मग आपली काळजी वाहणाऱ्या, खंबीर व्यक्तीची कल्पना करून तिच्या आवाजात स्वतःशी बोलायचे, तिच्या बाजूने स्वतःला पत्र लिहायचे. मी इंग्रजीत लिहिले, ते कंपनीच्या परिपत्रकासारखे झाले. मराठीत, आजी म्हणायची तसे “असू दे रे राजा, आधी दोन घास खाऊन घे,” एवढे लिहिले आणि मला रडू कोसळले. त्या आठवड्यात मी बाईंवर चिडून पुढची भेट रद्दही केली. मायेचीच भीती वाटते अशी माणसे पुष्कळ असतात, हे मागाहून कळले.

यावर “असे लाड केले तर माणूस आळशी होईल” असे बाबा म्हणतील, मीही म्हणत होतो. पण करुणा म्हणजे कीव नव्हे आणि चुकीवर पांघरूणही नव्हे. गणित चुकलेल्या मुलाला पट्टी मारणारे मास्तर आणि शेजारी बसून चूक दाखवणारे मास्तर, दोघेही चूक सुधारायलाच सांगतात. मुलगा पुन्हा हात वर कोणाच्या वर्गात करील, ते बघा.

इंग्लंडमध्ये प्रौढांना सरकारी टॉकिंग थेरपीज सेवेत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्वतःच नाव नोंदवता येते, फी नाही. दुभाषाही मागता येतो. ही विशिष्ट पद्धत सगळीकडे मिळेलच असे नाही, नोंदवताना विचारावे. चालू औषधे मनाने बंद करू नयेत. जीव द्यावासा वाटत असेल तर थांबू नका: १११ फिरवून २ दाबा, किंवा समॅरिटन्सना ११६ १२३ वर फोन करा. जिवाला तातडीचा धोका असेल तर ९९९.

नवी नोकरी यथावकाश लागली. पण त्याआधीच, एका रविवारी पोहे खाताना, मी आई-बाबांना सगळे सांगून टाकले. बाबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. आईने विचारले, “आणि डबा? डबा कुठे बसून खायचास रे एवढ्या थंडीत?”