सिस्टरच्या हाती हृदयोपचार

थांबू पाहणाऱ्या हृदयाला विजेचा शॉक देणे, रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देणे, रक्तदाबाच्या गोळ्या ठरवणे ही कामे एके काळी फक्त डॉक्टरांची होती. गेल्या साठ वर्षांत त्यांतली बरीचशी परिचारिकांकडे आली. हा बदल घडवला तो मिनिटांच्या हिशेबाने.

1962 साली अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत, बेथनी रुग्णालयात डॉ. ह्यूज डे यांनी हृदयरुग्णांसाठी स्वतंत्र अतिदक्षता कक्ष सुरू केला. हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयाचे ठोके अचानक विस्कटले, तर शॉकविना जाणाऱ्या दर मिनिटाला रुग्ण वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. डॉक्टरांना बोलावणे धाडून ते येईपर्यंत सगळे संपलेले असायचे. खाटेजवळ चोवीस तास असायची ती परिचारिकाच. फिलाडेल्फियात डॉ. लॉरेन्स मेल्टझर आणि परिचारिका रोझ पिनेओ यांनी सिस्टरांना मॉनिटर वाचायला आणि कुणाची वाट न पाहता शॉक द्यायला शिकवले. पुढे ब्रिटनमध्ये गुठळी विरघळवणारी इंजेक्शनेही प्रशिक्षित परिचारिका देऊ लागल्या. दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2019 मध्ये त्याहून पुढचा प्रयोग केला. परिचारक मोटरसायकलवरून रुग्णाच्या घरी जात, ईसीजी काढून डॉक्टरांना पाठवत आणि त्यांच्या सल्ल्याने तिथेच उपचार सुरू करत.

वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा (घाडगे) सारख्या तालुक्याच्या गावी मिनिटांचे हे गणित अंतराचे बनते. नागपूर-अमरावती महामार्गावरच्या या संत्र्याच्या पट्ट्यातून अँजिओप्लास्टीसाठी नागपूर किंवा वर्धा गाठावे लागते. आसपासच्या खेड्यातून निघणाऱ्याला आधी कारंजालाच पोचायचे असते. तेवढ्या वेळात हृदयाचा स्नायू मरत राहतो. म्हणून जवळच्या रुग्णालयात पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी निघणे महत्त्वाचे, आणि तो बहुतेक वेळा सिस्टर किंवा तंत्रज्ञच काढतात. काम दिसते सोपे, पण छातीवरचा पहिला इलेक्ट्रोड उरोस्थीच्या उजवीकडे, चौथ्या फासळीखालच्या फटीतच बसला पाहिजे. तो एक फट वर सरकला तरी आलेख बदलतो आणि नसलेला आजार दिसू शकतो. आलेख तज्ज्ञाकडे मोबाइलवरून जातो. निदान पक्के झाले की टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन वजनानुसार एकाच वेळी शिरेतून दिले जाते. त्याआधी अलीकडे पक्षाघात, रक्तस्राव किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली आहे का, हे विचारावेच लागते. हीच प्रश्नावली छापील असली, तर प्रशिक्षित परिचारिका ती डॉक्टरांइतक्याच काटेकोरपणे भरते. आदेश मात्र डॉक्टरांचाच लागतो.

याहून कमी नाट्यमय, पण बहुधा जास्त जीव वाचवणारे काम रक्तदाबाचे आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम 2017 मध्ये सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत वर्ध्याचा समावेश होता. त्याचा गाभा म्हणजे सर्वांसाठी एकच ठरलेली उपचारपद्धत: कोणती गोळी आधी, किती दिवसांनी तपासणी, पुढची पायरी कोणती. निदान आणि औषधाची सुरुवात वैद्यकीय अधिकारी करतात. त्यानंतर महिन्याच्या महिन्याला बीपी मोजणे, गोळ्या देणे, न आलेल्यांना निरोप पाठवणे हे काम परिचारिका आणि उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) सांभाळतात. रुग्णाला पाच मिनिटे बसवून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून, बाही वर करून मोजले तरच तो आकडा खरा. गर्दीच्या ओपीडीत नेमके हेच राहून जाते. या उपक्रमाला 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

कायद्याने भारतातली परिचारिका स्वतंत्रपणे औषध लिहून देऊ शकत नाही. ब्रिटनमध्ये खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना 2006 पासून जवळपास सर्व औषधे लिहून देता येतात, आणि हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांचे डोस तिथे त्याच वाढवतात. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम आखला आहे; तो पूर्ण केलेल्या परिचारिकाही डॉक्टरांशी ठरवलेल्या लेखी नियमांच्या चौकटीतच काम करतात.