उघड्यावर चेहऱ्याचा फोटो : लेन्स कोणती घ्यावी?

हल्ली आम्हा कापड व्यापाऱ्यांनाही फोटोग्राफरशी काम पडते, आणि समाजातले तरुणही या धंद्यात उतरत आहेत. त्यांचे भांडवल बहुधा कॅमेऱ्यातच संपते. लेन्स मात्र सोबत मिळालेली १८-५५ च राहते. आमच्या मते उलटे करावे. बॉडी जुनी चालेल, लेन्स चांगली हवी.

चेहरा बिघडतो तो जवळून. दोन-तीन फुटांवरून फोटो घेतला की नाक मोठे, कान लहान. फुल-फ्रेम कॅमेऱ्याला ८५ मिलिमीटरची लेन्स लावली तर कमरेपर्यंतच्या फोटोसाठी सात-आठ फूट मागे सरावेच लागते, म्हणून चेहरा प्रमाणात येतो. सेन्सर लहान असेल तर ५० ची लेन्सच ७५-८० चे काम देते आणि पुष्कळ स्वस्त पडते. नव्या माणसाने हीच घ्यावी.

नगरजवळच्या चाँदबीबी महालाची (कबर खरी सलाबतखानाची) तीन मजली अष्टकोनी इमारत मागे पूर्ण हवी असेल, तर मात्र फुल-फ्रेमवर ३५ लागेल. तेव्हा माणसे दहा फुटांवर, मधोमध उभी करा. कडेला चेहरे ताणले जातात.

एफ १.८ चा मोह आवरा. डोळा स्पष्ट, पण कान आणि जर दोन्ही धूसर! शालूचा पदर दाखवायचा तर ४ किंवा ५.६ ठेवा.

जुनी लेन्स घेताना बॅटरीच्या उजेडात आतून पाहा. पावसाळ्यात बंद पेटीत राहिलेल्या काचेवर बुरशीचे जाळे धरते. तसे दिसले तर सौदा सोडा.