घाट उघडा, घाट बंद

भोरहून महाडला उतरायचे तर वरंधा घाट. वेल्ह्याकडून पायी निघालात तर मढे घाट. कोकण खालीच आहे, तरी आधी थोडे चढावे लागते. घाटामुळे देश किंवा कोकण तसूभरही वर-खाली होत नाही, मधली चढण तेवढी कमी होते. एन्झाइम, म्हणजे विकर, रासायनिक क्रियेत हेच करते. मुळात उतारच नसेल, तर घाट बिचारा काय करणार?

कणगीतला तांदूळ घ्या. त्यातला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची माळ. पाण्याने ती तुटून साखर होणे हा उताराचाच प्रवास, पण बंध तुटण्याआधी ताणला-वाकवला जावा लागतो. त्या चढणीला लागणारी ऊर्जा ती सक्रियण ऊर्जा. रिचर्ड वोल्फेंडेन यांच्या गटाने १९९८ मध्ये हिशेब मांडला: विकराविना, २५ अंश तापमानाच्या पाण्यात असले निम्मे बंध तुटायला सुमारे ५० लाख वर्षे लागतील. आणि आपण शिजलेल्या भाताचा घास मिनिटभर चावत राहिलो की तो गोड लागतो! ही करामत लाळेतल्या अमायलेज या विकराची.

अमायलेजच्या खाचेत माळ अडकते. खाचेतला एक आम्लगट बंधातल्या ऑक्सिजनला प्रोटॉन देतो, समोरचा दुसरा गट कार्बनला धरतो. माळ तुटते, आणि पाण्याचा रेणू तो कार्बन सोडवून घेतो. विकर जसेच्या तसे, पुढच्या बंधासाठी मोकळे. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९४० च्या दशकात मर्म सांगितले होते: खाच सर्वांत घट्ट बसते ती अखंड रेणूला नव्हे, तर धड ना जुन्या, धड ना नव्या अशा मधल्या रूपाला. इथे माझी उपमा थिटी पडते. घाट काही गाडी वाकवत नाही.

पण पावसाळ्यात ही उपमा पुन्हा कामाला येते. दरड कोसळून वरंधा बंद झाला की वाहने ताम्हिणी घाटाकडे वळतात. सुवासिक तांदळात असेच घडते. साध्या तांदळातले एक विकर एका अल्डिहाइडचे आम्ल करून टाकते. बासमतीसारख्या वाणांत त्या विकराच्या जनुकातली आठ अक्षरे गळाली आहेत, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले. विकर धड बनत नाही, अल्डिहाइड तुंबते, आडवाटेला लागते आणि त्याचे २-ॲसिटिल-१-पायरोलीन होते. मावळात कुणाच्या चुलीवर आंबेमोहर रटरटू लागला की चार घरे पलीकडे पोचतो, तो हाच रेणू.