उन्हाळ्यातलं माइनक्राफ्ट आणि चार ओळींची स्क्रिप्ट

मे महिन्यात लातूर-नांदेडकडे पारा चाळिशीपार गेला की पत्र्याखालच्या खोलीत लॅपटॉपचे हाल होतात. प्रोसेसर तापतो, जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो आणि भरपूर मॉड टाकलेलं माइनक्राफ्ट अडखळायला लागतं. त्यात लाईट गेली की सगळा भार बॅटरीवर. मग दुपारी सेटिंग्ज उतरवा, रात्री पुन्हा चढवा. हे काम स्क्रिप्टला देता येतं.

माइनक्राफ्टची जावा आवृत्ती आपल्या सेटिंग्ज 'ऑप्शन्स' नावाच्या साध्या टेक्स्ट फाईलमध्ये ठेवते. नोटपॅडमध्ये उघडा: दर ओळीला आधी नाव, मग कोलन, मग आकडा किंवा शब्द. ही सोय सगळीकडे नसते. सायबर कॅफेतल्या पोरांच्या लाडक्या जीटीए सॅन अँड्रियासची सेटिंग्ज-फाईल बायनरी आहे, तिथे नोटपॅडचं काही चालत नाही. दर मॉडपॅकचं फोल्डर बहुधा वेगळं असतं, त्यामुळे आपण खेळतो त्याच पॅकमधली फाईल धरायची.

फाईल लांबलचक असली तरी कामाच्या ओळी थोड्याच. सगळ्यात जड 'रेंडर डिस्टन्स', म्हणजे किती लांबचं दिसावं. हे अंतर चंकमध्ये मोजतात. एक चंक म्हणजे 16 बाय 16 ठोकळ्यांचा चौकोन. आकडा 12 असेल तर आपल्या चारी बाजूंना 12 आणि मधला एक, म्हणजे ढोबळ चौकोनी हिशेबाने 25 बाय 25, एकूण 625 चंक. तोच 6 केला की 13 बाय 13, म्हणजे फक्त 169. आकडा निम्मा झाला, पण ओझं जवळपास पाव झालं. सावल्या आणि ढग बंद करून एवढं हाती लागत नाही.

दुसरी ओळ 'मॅक्स एफपीएस'. 260 म्हणजे मर्यादाच नाही. ग्राफिक्स कार्ड जमेल तितक्या फ्रेम काढत बसतं आणि तापतं. दुपारी 40 पुरे. 'सिम्युलेशन डिस्टन्स' मात्र जपून. तो कमी केला की त्या अंतराबाहेरची शेती वाढत नाही, मॉडची यंत्रंही थांबतात. कारखाने उभे केले असतील तर ती ओळ मी तरी शिवणार नाही.

दोन फाईली तयार ठेवून अदलाबदल करणं सोपं वाटतं, पण त्याच फाईलमध्ये की-बाइंडिंग आणि आवाजही असतो. रात्री बदललेली की दुपारी पुन्हा जुनी होईल. म्हणून ओळीपुरतंच बदलायचं. बॅच फाईलमध्ये, म्हणजे एकामागून एक आज्ञा लिहिलेल्या आपल्या स्क्रिप्टमध्ये, पहिली आज्ञा ऑप्शन्सची जुनी प्रत काढून ठेवण्याची. पुढच्या ओळीत विंडोजच्या पॉवरशेलला हाक: फाईल वाच, रेंडर डिस्टन्सने सुरू होणारी ओळ नव्या आकड्यासह बदल, परत लिही. शोधायच्या नावाआधी टोपीसारखी खूण द्यावी लागते, म्हणजे ओळीच्या सुरुवातीलाच ते नाव शोधलं जातं. एफपीएसची ओळ त्याच पद्धतीने. आयरिस या मॉडवर शेडर लावत असाल तर त्याची वेगळी फाईल कॉन्फिग फोल्डरमध्ये आहे. तिथे शेडर चालू-बंदची एक ओळ, ट्रूचं फॉल्स केलं की झालं.

स्क्रिप्ट चालवताना गेम बंद हवा. चालू गेमला बाहेरचा बदल कळत नाही आणि त्याने सेटिंग्ज पुन्हा साठवल्या की आपलं लिहिलेलं पुसलं जातं.

एवढं जमलं की बॅटरीचं बघा. पॉवरशेलने विंडोजला बॅटरीची स्थिती विचारली तर लाईट असताना 2 येतो, बॅटरी उतरत असताना 1. त्यावरून हलक्या की भारी सेटिंग्ज ते स्क्रिप्टच ठरवेल. आणि बॅच फाईलवर डबल-क्लिक करूनही नोटपॅडच उघडत असेल तर विंडोजने नावाच्या शेवटी 'टीएक्सटी' लपवून ठेवलंय. एक्स्प्लोररमध्ये एक्स्टेन्शन दाखवायला सांगा आणि तेवढं शेपूट खोडा.