औषध त्यांचे, विष आमचे

नाल्याचे पाणी काळे झाले, घाण मारू लागले की आम्ही ओरडतो, मोर्चे काढतो. पण पाणी नितळ दिसत असेल तर? नितळ पाण्यातही विष असू शकते. आपण खातो त्या गोळ्यांचा काही भाग लघवीवाटे गटारात जातो. औषध कारखान्यांतून तर तो थेट सांडपाण्यात उतरतो.

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात साधारणपणे गाळ खाली बसवतात आणि जिवाणूंकरवी घाण कुजवतात. मैला त्यामुळे बराच कमी होतो. पण औषधांचे कित्येक अंश या जिवाणूंना पचत नाहीत. ते तसेच नदीत जातात.

२००७ साली स्वीडनच्या संशोधकांनी हैदराबादजवळच्या पटानचेरूची तपासणी प्रसिद्ध केली. सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या केंद्रातून ‘शुद्ध’ होऊन बाहेर पडलेल्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडले. हे औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही ते एवढे नसते. अशा पाण्यात वाढलेले जंतू औषधाला पुरून उरतात. तेच उद्या माणसाच्या अंगात शिरले की साधी गोळी लागू पडत नाही. पैसेवाला महागडे इंजेक्शन घेईल. गरिबाने काय करायचे?

यावर उपाय नाही, असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. पाण्यात ओझोन वायू सोडला की औषधांचे रेणू तुटतात. मग वाळूच्या गाळणीतले जिवाणू त्यांचे तुकडे बऱ्याच अंशी पचवतात. सक्रिय कोळसा हे अंश स्वतःवर ओढून धरतो. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक केंद्रांना असे अंश ८० टक्के काढणे सक्तीचे केले आणि त्यासाठी माणशी वर्षाला ९ फ्रँक आकार बसवला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये पुढचे पाऊल टाकले. या जादा शुद्धीकरणाचा किमान ८० टक्के खर्च औषधे व सौंदर्यप्रसाधनांच्या उत्पादकांनी द्यावा, असा कायदा केला. त्याविरुद्ध औषध कंपन्या न्यायालयात गेल्या. नफ्याला हात लागला की भांडवलदार सगळीकडे सारखाच ओरडतो.

आणि आपल्याकडे? प्रदूषण करणाऱ्यानेच किंमत मोजावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच तामिळनाडूतील चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात मान्य केले. जानेवारी २०२० च्या मसुद्यात केंद्र सरकारने औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा सुचवल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना निघाली तेव्हा त्या गायब होत्या. त्या वगळल्याने फायदा कोणाचा झाला, हे शाळकरी पोरही सांगेल.

तोटा कोणाचा झाला? गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराचा, नाल्याकाठच्या वस्तीचा, नदीच्या खालच्या अंगाला शेती आणि मासेमारी करणाऱ्यांचा. ही माणसे कोणत्या समाजातली, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क बजावला. विषमुक्त पाणी हा त्याच हक्काचा भाग आहे. ओझोन वापरायचा की कोळसा, ते तज्ज्ञांनी ठरवावे. पण वगळलेल्या मर्यादा सरकारने परत आणाव्यात, पाण्यातील औषधांचे प्रमाण मोजून जाहीर करावे आणि शुद्धीकरणाचा खर्च कारखानदाराकडून वसूल करावा. नफा त्यांचा आणि विष आमचे, हा हिशेब आम्हाला मान्य नाही.