ग्रंथालयांतील फुकट चित्रपट

ग्रंथालयानें जुना चित्रपट फुकट दाखविला, कीं हा धर्मादाय, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः आधार कायद्याचा आहे. भारतांत प्रदर्शनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षें चित्रपटाचा स्वामित्वहक्क टिकतो. बोलपटांतील गीताचा हक्क निराळा. तो कवीच्या निधनानंतरही ६० वर्षें चालतो. तेव्हां मूकपट बरा! दादासाहेब फाळके १९४४ सालीं निवर्तले. त्यांचा १९१९ चा ‘कालिया मर्दन’ आज सर्वांचा आहे. त्यांत बालकृष्ण झाली आहे त्यांचीच कन्या मंदाकिनी.

परंतु हक्क संपून भागत नाहीं, प्रत हवी. तेव्हांची नायट्रेट फीत झटकन पेटते, न पेटली तर कुजते. फाळक्यांचे बहुतेक मूकपट नष्ट झाले. हा बहुतांशीं वांचला, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत.